शेजाऱ्याची तक्रार आणि आपला कुत्रा



नाशिक जिल्ह्याच्या एका टोकास, गुजरातच्या सीमेला लागून, आमचा सुरगाणा तालुका आहे. १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत सुरगाणा हें एक छोटें संस्थान होतें. येथील डोंगरांतल्या पाड्यांवर मध्यरात्रीं कुत्रा भुंकूं लागला, तर शेजारी त्याला शिव्या देत नाहीं. तो उठून बसतो आणि गोठ्याकडे कान लावतो; कारण बाहेर बिबट्या आला असण्याचा संभव असतो.

ही भीति पोकळ नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोलें तालुक्यांत विद्या अत्रेया व त्यांचे सहकारी यांनीं बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला व तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानें बिबट्याच्या भक्ष्यांत ३९ टक्के वांटा कुत्र्यांचा आढळला. म्हणजे पाड्यावरचा कुत्रा भुंकतो, तो धन्याच्या शेळीसाठीं आणि स्वतःच्या जिवासाठींही.

असाच कुत्रा शहरांतल्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवा. मनुष्याला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. कुत्र्याला सुमारें ४५,००० पर्यंतचा. जिन्यावरचें पाऊल, खालीं वाजलेली शिट्टी, सारें त्याच्या कानीं पडतें आणि तो आपलें पहाऱ्याचें काम इमानानें करूं लागतो. परंतु भिंतीपलीकडे कोणी आजारी असतें, कोणाची परीक्षा जवळ आलेली असते. पाड्यावर जो पहारा, तोच येथें उपद्रव होतो. हा भेद कुत्र्याला कळणें शक्य नाहीं. तो धन्यानेंच ओळखला पाहिजे.

तक्रार आली कीं धनी बहुधा म्हणतो, "छे! आमचा मोती तर भुंकतच नाहीं." हें तो पुष्कळदां प्रामाणिकपणें म्हणत असतो. कित्येक कुत्रे घरांत माणसें असतांना शांत असतात, आणि दाराला कुलूप लागलें कीं एकटेपणानें भुंकत राहतात. त्यांची ही अवस्था फक्त शेजाऱ्यालाच ठाऊक असते. तेव्हां त्याची तक्रार हा आपला अपमान नसून, आपणांस दुसऱ्या कोणाकडून न मिळणारी बातमी आहे.

ती बातमी न ऐकल्यास काय होतें, हें माझ्या परिचयाच्या एका घरीं मीं पाहिलें आहे. पतिपत्नी दोघें नोकरीस जात. शेजारच्या बाई रुग्णालयांत रात्रपाळी करून सकाळीं निजत. त्या दोनदां सांगावयास आल्या, आणि दोन्ही वेळां "आमचा कुत्रा नव्हेच" असें उत्तर मिळालें. तीन महिने अबोला राहिला. पुढें जिन्यांत कोणीतरी विषाची गोष्ट काढली, तेव्हां मात्र गृहिणी घाबरून स्वतः त्यांच्या दारीं गेली आणि म्हणाली, "ताई, आठ दिवस केव्हां भुंकतो तेवढें कागदावर टिपून द्याल का?"

त्या कागदानें सारा उलगडा झाला. कुत्रा रोज दोनदां भुंके: घर बंद झाल्यावर अर्धा तास, आणि दुपारीं जिन्याच्या खिडकीशीं माणसांची वर्दळ सुरू झाली कीं. मग सकाळचें फिरणें दुप्पट झालें, त्या खिडकीला जाड पडदा आला, जातांना चघळावयास हाड मिळूं लागलें. प्रथम पांच मिनिटें, मग दहा, मग अर्धा तास, असें त्याला एकटें राहण्याची संवय लावली. दीड महिन्यानें भुंकणें अगदीं थांबलें नाहीं, पण बाईंना झोंप मिळूं लागली. कुत्र्याला मारलें असतें तर तो अधिकच बावरला असता.

कोणी विचारतील, कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एखाद्या मोठ्या कुत्र्याचें जवळून भुंकणें ८० च्याही वर जातें. उलट, कुत्र्यास विष घालून मारणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखालीं गुन्हा असून त्यास पांच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जोरजबरदस्तीनें प्रश्न सुटत नाहीं, हा अनुभव मुंबईला जुना आहे. १८३२ च्या जून महिन्यांत सरकारनें मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम चालविली, तेव्हां पारशी समाज रस्त्यावर आला, बाजार बंद पडला आणि लष्कर बोलवावें लागलें.

म्हणून दोन्ही पक्षांस माझें सांगणें थोडकें आहे. शेजाऱ्यानें संताप अनावर होण्यापूर्वीं, दिवसा, शांतपणें यावें आणि "नेहमीं भुंकतो" असें न म्हणतां वेळ सांगावी. धन्यानें वाद न घालतां त्यास आंत बसवावें, कागद व पेन्सिल घ्यावी, कोणता उपाय केव्हांपासून करणार तें सांगावें, आणि पंधरा दिवसांनीं आपण होऊन त्याच्या दारीं जाऊन विचारावें, "आतां झोंप लागते ना?" पुष्कळ तंटे हा एवढाच प्रश्न कोणी विचारला नाहीं म्हणून चालत राहतात.