मुलांच्या कण्याचा बाक आणि तो सरळ करण्याच्या रीती
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात नारायणगुडा येथे दिलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी एका शिक्षकाने शस्त्रक्रियेवर बोलावे, हे आपणांस जरा विचित्र वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचा दिवस खडू-फळ्याच्या सहवासात जातो. परंतु आमच्या वर्गातील एका मुलीच्या निमित्ताने आम्हाला हा विषय शिकावा लागला, आणि शिकताना आमची एक चूकही आम्हाला कळली. ती चूक आपल्यापुढे मांडावी आणि न्यासापुढे एक विनंती ठेवावी, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

ही मुलगी सातवीत होती. प्रार्थनेच्या रांगेत तिचा एक खांदा नेहमी खाली दिसे. आम्ही तिला दटावीत असू, "नीट ताठ उभी राहा." जवळजवळ वर्षभर आम्ही हे म्हणत होतो. एके दिवशी जमिनीवर पडलेला नकाशा उचलण्यासाठी ती वाकली, आणि मागून आम्हाला दिसले की तिच्या पाठीची उजवी बाजू उंचवटा होऊन वर आली आहे व डावी खाली गेली आहे. तिच्या आईला बोलावून सांगितले, तेव्हा त्या माउलीने म्हटले, "सर, तिचा कुडता शिवते तेव्हा एक बाजू वरच जाते. मला वाटायचं, माझंच माप चुकतंय." घरी आजीने दप्तराच्या ओझ्याला दोष दिला होता. आम्ही मुलीच्या आळसाला दिला होता. दोष कोणाचाच नव्हता, तिचा तर मुळीच नव्हता.

या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. यात कणा बाजूला झुकतो आणि त्याचबरोबर मणके स्वतःभोवती पिळले जातात. म्हणूनच वाकल्यावर बरगड्यांचा उंचवटा दिसतो. वयात येणाऱ्या मुलामुलींत आढळणाऱ्या बहुतेक बाकांचे कारण वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेले नाही. दप्तराने, वाकून बसण्याने किंवा झोपण्याच्या पद्धतीने तो होत नाही. दहा ते सोळा वर्षांच्या शंभर मुलांत दोघातिघांना थोडाफार बाक असतो आणि बहुतेकांना काहीच करावे लागत नाही. वाढत जाणारा मोठा बाक मात्र मुलींत कितीतरी अधिक आढळतो.

बाक मोजण्याची रीत अमेरिकेतील डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ साली घालून दिली. क्ष-किरण चित्रावर रेषा काढून कोन मोजतात. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला विकार म्हणत नाहीत. पंचवीस अंशांपर्यंत बहुधा केवळ लक्ष ठेवतात. पंचवीस ते चाळीस अंश असून मूल अजून वाढत असेल तर पट्टा देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक पन्नास अंशांच्या आत राहिला, नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. पट्टा जितके अधिक तास अंगावर, तितका त्याचा गुण अधिक. बाक पंचेचाळीस-पन्नास अंशांपुढे गेला की तो वाढ संपल्यावरही हळूहळू वाढत राहण्याचा संभव असतो, आणि तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करतात. आमच्या मुलीचे चित्र काढले तेव्हा कोन बावन्न अंश भरला. ज्या वर्षात कदाचित पट्ट्याने काम भागले असते, ते वर्ष आम्ही "ताठ उभी राहा" म्हणण्यात घालवले.

आता शस्त्रक्रियेच्या रीतींकडे वळू. प्रत्येक नवी रीत आधीच्या रीतीतील एखादी उणीव दूर करण्यासाठी आली, हे ध्यानात ठेवले म्हणजे हा विषय अवघड वाटत नाही.

न्यूयॉर्कचे डॉ. रसेल हिब्स यांनी १९११ साली मणके एकमेकांस जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, ती प्रथम कण्याच्या क्षयासाठी. पुढे तीच बाकासाठी वापरू लागले. मणक्यांमागील हाड खरवडून त्यावर हाडाचे तुकडे पसरायचे, म्हणजे ते सांधून एकजीव होतात. आजही पायाभूत तत्त्व हेच आहे. धातू फक्त धरून ठेवतो, जोडते ते हाड. परंतु त्या काळी धरून ठेवणारे काहीच नव्हते, म्हणून मुलांना महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये अंथरुणावर पडून राहावे लागे.

दुसरे पाऊल अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी टाकले. १९५० च्या सुमारास पोलिओने कणे वाकलेली मुले त्यांच्यापुढे येत होती. त्यांनी पोलादी सळई बनवली. तिच्या दोन टोकांना आकडे असत, आणि मोटारीचा जॅक चढवावा तशी ती दाते दाते सरकवून कणा ताणीत. १९६२ साली त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि ही सळई जगभर गेली. तिच्या उणिवा दोन. पकड केवळ दोन टोकांना असल्यामुळे वरून प्लास्टरचे जाकीट घालावेच लागे. आणि कणा नुसता ताणल्यामुळे कमरेची स्वाभाविक खळगी सपाट होई, त्यामुळे पुढे कित्येकांना प्रौढपणी कंबरदुखी जडली. मणक्यांचा पीळही तिने उलगडत नसे.

तिसरे पाऊल मेक्सिकोचे डॉ. एदुआर्दो लुके यांचे, १९७० नंतरच्या दशकातले. त्यांनी कण्याच्या दोन्ही बाजूंना सळया ठेवून प्रत्येक मणका तारेने त्यांस बांधला. पकड दोन ठिकाणांऐवजी अनेक ठिकाणी वाटली गेली आणि प्लास्टरची गरज उरली नाही. उष्ण प्रदेशातील मुलांना हे केवढे सुख, हे हैदराबादचा मे महिना सोसणाऱ्यांना सांगायला नको. पण तार मणक्याच्या कमानीखालून, मज्जारज्जूला लागून ओवावी लागते, आणि तेथे हात चुकला तर पायांचे बळ जाण्याची भीती. स्नायूंच्या वा मज्जातंतूंच्या आजाराने वाकलेल्या कण्यांसाठी ही रीत आजही उपयोगी पडते.

चौथे पाऊल १९८३ साली फ्रान्समध्ये पडले. डॉ. कोत्रेल आणि डॉ. द्युबूसे यांनी दोन सळयांवर अनेक आकडे बसवले. आकडे बसवल्यावर सळईच फिरवायची, म्हणजे बाजूचा बाक मागच्या स्वाभाविक गोलाईत वळतो. कणा केवळ समोरून नव्हे, तर बाजूनेही नीट दिसला पाहिजे, हा विचार यातून रुजला.

आज सर्वाधिक प्रचार आहे तो स्क्रूंचा. मणक्याच्या मागच्या व पुढच्या भागांना जोडणारे हाडाचे दोन लहान खांब असतात. त्यांतून स्क्रू थेट मणक्याच्या गाभ्यात नेतात. छातीच्या मणक्यांत असे स्क्रू घालण्याचे काम दक्षिण कोरियाचे डॉ. से-इल सुक यांनी १९९० नंतर पुढे नेले. आकडा मागूनच धरतो, स्क्रू मणका आरपार धरतो. त्यामुळे बाक अधिक सरळ होतो, पीळही काही अंशी उलगडतो आणि कित्येकदा कमी मणके जोडून भागते. याचे उणेपण असे की तो खांब लहान मुलांत फार अरुंद असतो, स्क्रू जरा सरकला तर मज्जारज्जू वा मोठी रक्तवाहिनी जवळच असते, आणि खर्च पुष्कळ वाढतो.

याशिवाय पुढून, छाती वा पोट उघडून करण्याची रीत आहे. लहान वयाच्या मुलांत कणा जोडून टाकला तर वाढच खुंटते, म्हणून त्यांच्यासाठी लांबवता येणाऱ्या सळया आहेत. मणके न जोडता बाकाच्या फुगीर बाजूस दोरी ताणून वाढीलाच वळण लावण्याच्या साधनाला अमेरिकेत २०१९ साली मर्यादित परवानगी मिळाली. हालचाल राखणारी म्हणून ही रीत मोहक आहे, पण दोरी तुटण्याचा व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका तीत आहे.

या सर्वांत सरस कोणती? मुलीच्या वडिलांना हाच प्रश्न पडला होता. एका मणक्यात दोन स्क्रू, म्हणजे दहा मणके जोडायचे तर वीस जागा. प्रत्येक स्क्रूचे पैसे वेगळे. शल्यचिकित्सकांनी सांगितले, "बाक लवचिक आहे, सगळ्या जागा भरायची गरज नाही." बाहेर आल्यावर वडील हळूच म्हणाले, "सर, कमी स्क्रू म्हणजे गरिबाचा इलाज तर नव्हे ना?" त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नाही.

पुढे वाचनात आले की अमेरिकेत नेमकी हीच तुलना चाचणी करून पाहिली गेली आहे. अशा बाकांत कमी स्क्रू आणि अधिक स्क्रू यांनी साधलेली सुधारणा जवळजवळ सारखीच भरली. आणखी एक गोष्ट कळली. क्ष-किरण चित्रात स्क्रूंनी आकड्यांवर मात केली, तरी मुलांना स्वतःच्या पाठीबद्दल, दुखण्याबद्दल, दिसण्याबद्दल विचारले असता दोन्हीकडची उत्तरे फारशी वेगळी येत नाहीत. म्हणजे अंशांची बेरीज हे एकच माप नव्हे. किती मणके मोकळे राहिले, खांदे समतोल झाले का, मज्जारज्जू सुरक्षित राहिला का, हीही मापेच आहेत. या शेवटच्या बाबतीत फ्रान्सच्या डॉ. स्तान्यारा यांच्या पथकाने १९७३ साली मांडलेला उपाय फार बोलका आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच रुग्णाला अर्धवट जागे करून "पाय हलव" असे सांगत. आता विजेच्या संदेशांनी मज्जारज्जूवर सतत नजर ठेवतात. आपल्या मुलाची शस्त्रक्रिया ठरली तर कोणते स्क्रू, हे विचारण्याआधी ही नजर ठेवण्याची सोय आहे का, आणि शल्यचिकित्सकाने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे अवश्य विचारावे.

मुलीची शस्त्रक्रिया कमी स्क्रूंनीच झाली. आज थोडा बाक उरला आहे, एक खांदा किंचित वरही आहे. खाली पडलेली वस्तू ती कमरेतून व गुडघ्यांतून वाकून उचलते. शाळेत आल्यावर पहिल्या दिवशी ती म्हणाली, "सर, आता रांगेत रागावू नका." आम्हाला उत्तर सुचले नाही.

आता विनंती. पंजागुट्ट्याची निम्स ही संस्था मुळात निजाम्स ऑर्थोपेडिक हॉस्पिटल म्हणून, निजामांच्या धर्मादाय न्यासाच्या देणगीतून १९६० नंतरच्या दशकात उभी राहिली. आपल्या या नारायणगुड्यात १९४० साली न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ शाळा सुरू झाली. देणगीने हाडे सांधली जातात आणि मुले शिकतात, हे या शहराला ठाऊक आहे. आपल्या न्यासाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वर्षातून एकदा आपल्या कुटुंबांतील दहा वर्षांपुढील मुलामुलींची पाठ पाहावी. मुलींची पाहणी स्त्री डॉक्टरांनी, आडोशाला करावी. पाय जुळवून, हात सोडून पुढे वाकायचे, एवढेच. मिनिटभराचे काम आहे. दुसरी, पट्ट्यासाठी राखीव निधी ठेवावा. वेळेवर दिलेला पट्टा शस्त्रक्रियेपेक्षा फार स्वस्त पडतो, आणि वाढत्या मुलाला पट्टा बदलावाही लागतो. तिसरी, शस्त्रक्रिया ठरलेल्या कुटुंबाबरोबर जाणता माणूस द्यावा. सरकारी योजनेत काय बसते ते आरोग्यमित्राला विचारणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे आणि "कमी म्हणजे हलके" ही भीती घालवणे, हे काम पैशाइतकेच मोलाचे आहे.

आणि शिक्षकबंधूंना, आईबापांना एवढेच सांगणे की मूल वाकडे उभे दिसले तर रागावण्याआधी एकदा त्याची पाठ पाहावी.