आकडा आणि रोगी

मनुष्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. एकीचे वजन अवघे ४ ते ५ ग्रॅम. एवढ्याशा अवयवावाचून कोणाचे काही अडत असेल, असे पूर्वी फारसे कोणास वाटत नसे. लंडनच्या गाईज रुग्णालयातील डॉ. टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि हा समज मोडला. त्यांचे काही रोगी दिवसेंदिवस क्षीण होत, त्यांची नाडी दुर्बळ होई, त्वचा काळवंडे आणि अखेर ते दगावत. शवविच्छेदनात या ग्रंथी रोगाने ग्रासलेल्या आढळत. पुष्कळदा ते कारण क्षयाचे असे.

या ग्रंथींच्या बाह्यकवचात कॉर्टिसॉल नावाचा स्राव तयार होतो. रक्तवाहिन्यांचा ताण आणि रक्तातील साखर सांभाळण्यास तो हातभार लावतो. शरीरावर संकट कोसळले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी इशारा देते आणि कॉर्टिसॉल वाढते. मग अत्यवस्थ रोग्याचे रक्त तपासावे, कॉर्टिसॉल मोजावे आणि ग्रंथी थकली की नाही ते ठरवावे, हे सोपे वाटते. प्रत्यक्षात तेच अवघड आहे.

निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटे चढते आणि मध्यरात्री उतरते. भारी दुखण्यात हा दिनक्रमच मोडतो. शिवाय रक्तातील सुमारे ९० टक्के कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते. काम करतो तो उरलेला मोकळा अंश. अत्यवस्थ रोग्यात ही प्रथिने घटतात. त्यामुळे एकूण आकडा कमी दिसला तरी मोकळा अंश भरपूर असू शकतो. उलट, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असेही दिसले की अशा रोग्यांत कॉर्टिसॉल शरीरात सावकाश जिरते; म्हणजे आकडा मोठा दिसला तरी ग्रंथी जोमाने राबत आहे असे होत नाही.

यावर तोड म्हणून ग्रंथीलाच आव्हान देण्याची चाचणी पुढे आली. पिट्युइटरीच्या इशाऱ्याचे कृत्रिम द्रव्य २५० मायक्रोग्रॅम टोचावयाचे आणि तासाभरात कॉर्टिसॉल किती वाढते ते पाहावयाचे. दर १०० मिलिलिटरमागे ९ मायक्रोग्रॅमहून अधिक वाढ न झाल्यास ग्रंथी दुबळी समजावयाची. जंतुदोषाने रक्तदाब कोसळलेल्या ३०० रोग्यांवर फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात २००२ साली अशा दुबळ्या ग्रंथींच्या रोग्यांना स्टेरॉइडचा लाभ झालेला दिसला. परंतु २००८ साली ४९९ रोग्यांच्या युरोपीय अभ्यासात मृत्यू घटले नाहीत. चाचणीचे उत्तर काहीही असो, औषध मिळालेल्यांचा रक्तदाब मात्र लवकर सावरला. म्हणून अशा रोग्याचा रक्तदाब औषधांनीही तगून राहत नसेल, तर चाचणीसाठी न थांबता दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन सुरू करण्याकडे आज वैद्यकाचा कल आहे.

याचा अर्थ निदान नको असा नव्हे. सलाइन देऊनही रक्तदाब वर येत नाही, रक्तातील सोडियम उतरले आहे, पोटॅशियम चढले आहे, साखर घसरते आहे, पूर्वी क्षय होऊन गेला आहे, ही लक्षणे एकत्र जुळवून पाहणारा डॉक्टरच ग्रंथीची खरी परीक्षा करतो. आणि एक दुवा त्याला घरच्या माणसांकडूनच मिळतो. दम्यासाठी वा संधिवातासाठी रोगी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर त्याच्या ग्रंथी निजलेल्या असतात. त्या गोळ्या एकाएकी बंद झाल्या आणि त्यातच मोठे दुखणे आले, तर त्या वेळेवर जाग्या होत नाहीत. म्हणून रोग्यास रुग्णालयात नेताना त्याच्या गोळ्यांची पाकिटेही बरोबर न्यावीत. प्रयोगशाळेचा आकडा जे उमगू देत नाही, ते कधी कधी त्या रिकाम्या पाकिटावर लिहिलेले असते.