मैफल आणि तिची तबकडी
(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा पाठ)



ग्रंथालयाच्या शताब्दीला ग्रंथांविषयी बोलले जावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु जे कधी लिहिलेच गेले नाही, ज्याची पोथी होऊ शकत नाही, ते जतन कसे करायचे, हा प्रश्नही शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेपुढेच मांडायला हवा. अमेरिकेत राष्ट्रीय ग्रंथालयाचे स्थान असलेल्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने २००४ साली आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत एका रॉक वाद्यवृंदाची मैफल दाखल करून घेतली. 'ऑलमन ब्रदर्स बँड'ची 'ॲट फिलमोर ईस्ट' ही ती दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका. ग्रंथालयाने मैफल सांभाळावी असे त्या मैफलीत काय होते, याचा विचार आज करावयाचा आहे.

या वाद्यवृंदाचा अग्रणी ड्युएन ऑलमन हा गिटारवादक. त्याचा जन्म २० नोव्हेंबर १९४६ रोजी नॅशव्हिल येथे झाला. 'स्लाइड' हे त्याचे खास अंग. गिटारला सतारीप्रमाणे पडदे असतात आणि सामान्यतः वादक बोटाने तार पडद्याशी दाबून स्वर काढतो. स्लाइड वाजवणारा तार दाबत नाही. बोटात काचेची वा धातूची नळी घालून ती तारेवरून अलगद सरकवतो. त्यामुळे दोन पडद्यांच्या मधले सारे स्वर मोकळे होतात. आपल्याकडे विचित्रवीणेचा वादक काचेचा बट्टा तारांवरून फिरवतो, तोच हा मार्ग. मींड म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला स्लाइड गिटार परकी वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांनी आपले 'ब्लूज' हे गाणे रुजवले, तेव्हा त्यांच्या गळ्यातले ते मधले, दुखरे स्वर पडद्यांच्या वाद्यावर उतरवायला हा उपाय त्यांच्या कामी आला.

ड्युएन हे शिकला कसा? त्याचा धाकटा भाऊ ग्रेग याने सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. ड्युएनच्या वाढदिवसाला तो सर्दीने आजारी होता. ग्रेगने त्याला दोन वस्तू दिल्या. एक, सर्दीवरच्या कोरिसिडिन गोळ्यांची बाटली, आणि दुसरी, ताज महाल या कृष्णवर्णीय गायकाची तबकडी. ड्युएनने गोळ्या ओतून टाकल्या, बाटलीवरचा कागद धुऊन काढला, ती काचेची बाटली अनामिकेत घातली आणि तबकडी लावून तीतील 'स्टेट्सबरो ब्लूज' हे गाणे घोटायला सुरुवात केली. ते गाणे ताज महालचेही नव्हे. जॉर्जिया राज्यातील अंध गायक ब्लाइंड विली मॅकटेल याने ते १९२८ साली मुद्रित केले होते. मॅकटेल १९५९ साली वारला. ड्युएन त्याच्यापुढे कधी बसला नाही. मधला दुवा होता तो तबकड्यांचा.

येथे आपल्याकडच्या एका गोष्टीची आठवण होणे साहजिक आहे. बालवयातल्या भीमसेन जोशींना अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका कानी पडली आणि गाण्याच्या ध्यासाने त्यांनी घर सोडले. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले, पण त्यांचा स्वर पोहोचायचा तिथे पोहोचत राहिला. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकमालिकेत ठेवल्या, हे ऋण फार मोठे आहे. तरीही स्वरलिपी बंदिशीचा सांगाडा देते, तिचा श्वास देत नाही. तो ध्वनिमुद्रणातच उरतो.

मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे हा वाद्यवृंद उभा राहिला आणि लवकरच जॉर्जियातील मेकन गावी स्थिरावला. ड्युएन आणि डिकी बेट्स हे दोन गिटारवादक, ग्रेग ऑलमन गायक व ऑर्गनवादक, बेरी ओकली बास गिटारवर, आणि बुच ट्रक्स व जेमो हे दोन तालवादक. जेमो कृष्णवर्णीय, बाकीचे गोरे. वर्णभेदाचे कायदे नुकतेच मोडीत निघालेल्या त्या दक्षिणेत अशा सहा जणांनी एकत्र राहणे, जेवणे आणि गावोगाव हिंडणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांना बेताचाच प्रतिसाद मिळाला. त्यांची खरी ताकद समोर श्रोते असताना उमलत असे. म्हणून तिसरी ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष मैफलीतच करावी, असे ठरले.

स्थळ होते न्यूयॉर्कमधील 'फिलमोर ईस्ट' हे बिल ग्रॅहम यांनी चालवलेले जुने नाट्यगृह. १२ आणि १३ मार्च १९७१ या रात्री मुद्रण झाले. सूत्रे होती टॉम डाऊड यांच्या हाती. तरुणपणी अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेला हा माणूस पुढे ध्वनिमुद्रणाच्या कलेत अग्रगण्य ठरला. बँडने सोबत सॅक्सोफोनचे साथीदार आणलेले पाहून डाऊड यांनी त्यांना दूर ठेवायला लावले, कारण ते मूळ वाद्यमेळाशी जुळत नव्हते. रात्रीचा खेळ संपला की सारे जण स्टुडिओत जमून फिती ऐकत आणि काय साधले, काय पुन्हा वाजवायला हवे, हे ठरवीत. मैफल उत्स्फूर्त असते, पण उत्स्फूर्ततेमागे अशी कठोर पारख उभी असते.

दोन तबकड्यांच्या चार बाजू आणि गाणी अवघी सात. आरंभ 'स्टेट्सबरो ब्लूज'नेच होतो आणि पहिल्याच आवर्तनात ती औषधाची बाटली तारेवर फिरते. तिचा आवाज कधी माणसाच्या हाकेसारखा, कधी हुंदक्यासारखा येतो. चौथ्या बाजूवर 'व्हिपिंग पोस्ट' हे एकच गाणे सुमारे तेवीस मिनिटे चालते. त्याच्या आरंभीचे आवर्तन अकरा मात्रांचे आहे : तीन, तीन, तीन आणि दोन. ज्याने ते रचले त्या ग्रेगला आपण अकरा मात्रा मोजतो आहोत याची जाणीवही नव्हती. एकोणीस मिनिटांच्या 'यू डोन्ट लव्ह मी'मध्ये बाकी सारी वाद्ये थांबतात आणि ड्युएन एकटाच वाजवत राहतो. स्लाइड बाजूला ठेवलेली, फक्त बोटे आणि तार. तेवढ्यात श्रोत्यांतून कोणीतरी रात्रभर वाजवत राहा असे ओरडते. हा अनामिक श्रोताही आता त्या कलाकृतीचा भाग झाला आहे. दाद हाही मैफलीचा पाठच असतो.

ध्वनिमुद्रिका जुलै १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि यावेळी मात्र तिला भरघोस प्रतिसाद मिळाला. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकन येथे मोटरसायकलच्या अपघातात ड्युएन मरण पावला. वय अवघे चोवीस. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ओकलीही मोटरसायकलच्याच अपघाताने गेला. दोघांना मेकनच्या रोझ हिल स्मशानभूमीत चिरविश्रांती मिळाली. याच स्मशानातल्या एका समाधिशिलेवरचे नाव घेऊन डिकी बेट्सने 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' ही रचना केली होती. तीही या मैफलीत आहे. फिलमोर ईस्ट नाट्यगृह तर जून १९७१ मध्येच बंद झाले होते. वाजवणारा गेला, वास्तू गेली, उरल्या त्या फिती.

त्या फितींची कथा इथे संपत नाही. तबकडीवर मावेल तेवढेच ठेवायचे, म्हणून बरेच गाळावे लागले होते. 'स्टॉर्मी मंडे' या गाण्यातील माउथ ऑर्गनचा तुकडा कापला गेला होता. गाळलेले मात्र फेकून दिले गेले नव्हते. १९९२ साली त्यातले काही बाहेर आले आणि २०१४ साली त्या मार्च महिन्यातील खेळांच्या उपलब्ध फिती सहा तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाल्या. मधल्या काळात बुच ट्रक्सचा पुतण्या डेरेक ट्रक्स हा मुलगा हे वादन ऐकतच वाढला. ड्युएनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९७९ साली जन्मलेला हा मुलगा पुढे त्याच वाद्यवृंदात स्लाइड गिटार वाजवू लागला. त्याने ड्युएनबरोबरच अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाचाही कसून अभ्यास केला. मॅकटेल, ताज महाल, ड्युएन, डेरेक ही परंपरा बव्हंशी तबकडीच्या आधारावर चालली.

या इतिहासातून ग्रंथालयाने घ्यावयाचा बोध साधा आहे. संपादक निवड करतो, ते त्याचे कर्तव्यच असते. डाऊड यांनी उत्तम निवड केली. परंतु कोणतीही निवड अंतिम नसते, म्हणून निवडीत न आलेले सांभाळणारा कोणीतरी हवा. ते काम ग्रंथालयाचे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. इथल्या घरांतून झालेली कीर्तने, नाट्यपदांच्या मैफली, गणेशोत्सवातील व्याख्याने, आजीच्या तोंडची ओवी आणि या प्रदेशाने तिच्या मराठीला दिलेला वेगळा हेल, यांतले फारच थोडे छापले गेले. उरलेले कुठे कपाटातल्या जुन्या कॅसेटवर असेल, कुठे एखाद्या वृद्धाच्या कंठात. फितीला बुरशी लागते आणि कंठालाही मुदत असते.

न्यूयॉर्कच्या त्या दोन रात्री कोणाला ठाऊक नव्हते की वादकाच्या हाती साडेसात महिनेच उरले आहेत. फीत फिरत होती, एवढेच. शताब्दी साजरी करणाऱ्या संस्थेने पुढल्या शंभर वर्षांसाठी आपल्या ग्रंथांच्या कपाटांशेजारी आवाजांचेही एक कपाट ठेवावे. सभासदांनी आपापल्या घरातला एकेक आवाज त्यात आणून जमा करावा. ज्यांचे आवाज अजून ऐकू येतात, त्यांच्यापासून आरंभ व्हावा.