जुन्या मोटारीत बिनतारी संच

धावत्या मोटारीतील माणसाशी बोलता यावे, ही निकड प्रथम पोलिसांना भासली. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ साली आपल्या गस्तीच्या मोटारींत बिनतारी संच बसविले. परंतु ते केवळ ऐकण्याचे होते. ठाण्यावरून हुकूम सुटे, मोटारीतील शिपाई तो ऐके, आणि उत्तर द्यावयाचे तर त्याला दूरध्वनी शोधावा लागे. न्यू जर्सीतील बेयॉन या गावच्या पोलिसांनी १९३३ साली दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय केली. या आरंभीच्या प्रयोगांत तंत्रज्ञांना तीन गोष्टींनी सतावले: गाडीचे धक्के, इंजिनातील ठिणग्यांची खरखर आणि बॅटरीची तोकडी शक्ती. जवळजवळ शंभर वर्षांनंतर, जुनी जीप किंवा अँबॅसॅडर बाळगणारा मनुष्य थोडक्या पैशांत तिच्यात संच बसवू जातो, तेव्हा याच तीन अडचणी त्याच्यापुढे उभ्या राहतात.

खिशात भ्रमणध्वनी असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाने दिले. दूरध्वनीची व्यवस्था कोलमडली तेव्हा हौशी बिनतारी चालकांनी आपापले संच घेऊन भूजकडे धाव घेतली आणि निरोपांची ने-आण सुरू केली. अशा वेळी मनोऱ्यावर वा तारेवर अवलंबून नसलेला, चाकांवर चालणारा संच किती मोलाचा, हे वेगळे सांगावयास नको. मात्र तो वापरण्यासाठी परवाना लागतो. परीक्षा देऊन केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाकडून तो मिळतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था या परीक्षेची तयारी करून घेते. मोटारीतून बोलण्यास सर्वांत सोयीचा पट्टा म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. पुढील विवेचन त्याच पट्ट्याविषयी आहे.

काटकसर करणारा मनुष्य बहुधा चुकीच्या ठिकाणी काटकसर करतो. ५० वॅटचा नवा, झगझगीत संच तो हौसेने घेतो आणि उरलेल्या चार पैशांत तार, फ्यूज व एरियल भागवितो. वास्तविक क्रम नेमका उलटा हवा. शक्ती चौपट केली तरी दूरच्या ठिकाणी पोचणारा विद्युत्-दाब जेमतेम दुप्पट होतो. म्हणजे १० वॅटचा वापरलेला संच आणि ४० वॅटचा नवा संच यांत किमतीइतके अंतर ऐकणाऱ्याच्या कानाला जाणवत नाही. शिवाय या लहरी डोंगराला फारशा वळसा घालीत नाहीत. घाटाच्या वळणाआड गाडी गेली की ५० वॅटही मुके होतात, आणि माथ्यावर आली की ५ वॅटही बोलू लागतात.

म्हणून पहिला विचार एरियलचा करावा. १४५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटर भरते. तिचा चौथा हिस्सा, थोडी काटछाट करून, ४९ सेंटिमीटरच्या आसपास येतो. एवढ्या लांबीची पोलादी काडी टपाच्या मध्यभागी उभी केली की काम झाले. टपाचा पत्रा हा तिचा अर्धा भागीदार असतो, आणि या बाबतीत जुनी गाडी नव्या गाडीला हार जात नाही. अँबॅसॅडरच्या भक्कम पोलादी टपासारखी बैठक सहजी मिळावयाची नाही. ताडपत्रीच्या जीपला टपच नसतो. तेथे बॉनेटच्या बाजूच्या पत्र्यावर एरियल बसवावी. लहरी एका बाजूस थोड्या अधिक झुकतात, ते सोसावे. टपाला भोक पाडण्याचा जीव होत नसेल तर चुंबकी बैठक स्वस्त पडते. मात्र पावसाळ्यात तिच्याखाली तांबडी माती शिरून रंग खरवडला जातो, आणि दाराच्या रबरातून आत घेतलेली केबल चिमटली की आतली जाळी तुटते व पाणी केबलीवाटे गाडीत उतरते. केबल दाराच्या बिजागरीकडच्या बाजूने घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खालच्या दिशेने एक वळसा द्यावा. पाणी तेथेच ठिबकते.

यानंतर विजेचा प्रश्न, आणि धोका खरा येथे आहे. चाळीस वर्षांच्या गाडीतील तारांचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. सिगारेट पेटविण्याच्या खाचेतून वा रेडिओच्या जुन्या तारेतून नव्या संचाला वीज देणे हा आग लावण्याचा राजमार्ग आहे. बोलताना ५० वॅटचा संच सुमारे १० अँपिअर ओढतो. बॅटरीपासून चार मीटर दूर असलेल्या संचाला १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दिली, तर जाता-येता वाटेतच १.४ व्होल्ट खर्ची पडतात. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या बॅटरीतून संचापाशी ११.१ च उरतात. तेवढ्यावर पुष्कळसे संच कुरकुरतात, बोलण्याचे बटण दाबताच बंद पडतात, आणि मालक बिचारा संच बिघडला म्हणून दुरुस्तीला पाठवितो! हीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतल्यास तूट तिसऱ्या भागाहून कमी होते. तार थेट बॅटरीपासून आणावी, पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट घालावे, आणि फ्यूज संचापाशी नव्हे तर बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो दूर ठेवला तर बॅटरी व फ्यूज यांमधली तार कोठेही पत्र्याला घासून जळू शकते.

इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी वेणीसारखी विणलेली पट्टी जुन्या गाड्यांत गंजून अर्धी झालेली असते. ती तुटली तर स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा लोंढा परतीची वाट शोधीत संचाच्या ऋण तारेतून वाहू पाहतो. ती पट्टी आधी बदलावी. किरकोळ खर्चात त्या गाडीवर इतका मोठा उपकार दुसरा नाही.

फारच जुन्या गाडीत याहून मूळचीच अडचण येते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप ६ व्होल्टची होती; आणि १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत अनेक ब्रिटिश बनावटीच्या मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या संचाचे धातूचे कवच ऋण टोकाशी जोडलेले असते. असा संच धन सांगाड्याच्या गाडीत स्क्रूने आवळला की ठिणग्या उडतात. संच लाकडी पाटावर बसवून सुटका होईल असे वाटते. पण एरियलच्या केबलीची बाहेरची जाळीही ऋणच असते आणि ती टपाला टेकतेच. येथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणा उपाय म्हणजे संचासाठी १२ व्होल्टची बंदिस्त बॅटरी वेगळी ठेवणे आणि गाडीच्या विजेशी तिचा कसलाही संबंध न जोडणे. २५ वॅटचा संच बोलताना सहा-एक अँपिअर आणि ऐकताना सुमारे अर्धा अँपिअर घेतो. तासात सहा मिनिटे बोलणे धरले तर खर्च जवळपास १ अँपिअर-तासाचा होतो. म्हणजे २० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरून दहा तास निघतात. घरी आल्यावर रात्री ती भरून घ्यावी. पेटी मात्र पट्ट्याने घट्ट जखडलेली हवी. करकचून ब्रेक लागला तर सुटी बॅटरी दगडासारखी पुढे येते.

राहता राहिली खरखर. डिझेलच्या गाडीत ठिणगीच नसल्याने हा त्रास अर्ध्याहून कमी. पेट्रोलच्या गाडीत रात्री निवांत जागी उभे राहून एखादे क्षीण केंद्र लावावे आणि इंजिन हळूहळू वाढवावे. इंजिनाबरोबर वेगाने वाढणारी टकटक प्लगांची असते. प्लगांवर अवरोधक टोप्या घातल्या की ती पुष्कळशी मावळते. चढत जाणारी शीळ ऐकू आली तर ती डायनॅमोची होय. त्याच्या मोठ्या टोकावर कपॅसिटर बसवावा. लहान, म्हणजे फील्डच्या टोकावर कदापि नव्हे, कारण त्याने रेग्युलेटरचे काटे जळतात. इग्निशन कॉइललाही कपॅसिटर लावावयाचा तो बॅटरीकडील बाजूस. एवढे करूनही खरखर उरली तर बॉनेट पाहावे. बिजागरीतल्या रंगामुळे ते सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने वेगळे पडलेले असते आणि स्वतःच एरियलप्रमाणे खरखर बाहेर टाकते. रंग खरवडून वेणीचा एक तुकडा दोहोंमध्ये जोडला, की पुष्कळदा एका क्षणात शांतता होते आणि मघापासून दबलेले दूरचे केंद्र स्पष्ट ऐकू येऊ लागते.