थंड हवेतील उष्णता
(पुणे येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात एका शाळेस भेट दिली असता सातवीतील एका मुलीने गुरुजींना प्रश्न विचारला. तिचे वडील पुण्यातील एका हॉटेलात कामास आहेत. तेथील गच्चीवर हवेतून उष्णता घेऊन पाणी तापविणारे यंत्र बसविले आहे, असे त्यांनी तिला सांगितले होते. "पण पहाटे हवा तर गार असते. मग उष्णता येते कोठून?" गुरुजी म्हणाले, "वडिलांची काही समजूत चुकली असेल." मुलगी खाली बसली. मलाही उत्तर सुचले नाही, म्हणून मी गप्प राहिलो. खऱ्या गोष्टीला आम्ही दोघांनी मिळून खोटे ठरविले, ही बोच माझ्या मनातून गेली नाही.

'गार' हा आपल्या कातडीचा निवाडा आहे. १९३५ च्या जानेवारीत पुण्याचे तापमान १.७ अंशांपर्यंत उतरले होते. उष्णतेचा खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे; तेव्हा त्या कडाक्याच्या हवेतही उष्णता भरपूर होती. ती आपण होऊन अधिक उष्ण वस्तूकडे जात नाही, हे पाठ्यपुस्तकातील विधान खरेच आहे. पाणीही आपण होऊन चढावर जात नाही. तरी विहिरीवरचा पंप ते टाकीत चढवितो. पंप पाणी निर्माण करीत नाही. वीज लागते ती केवळ उचलण्यासाठी. उष्णतेचाही असा पंप करता येईल, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच दाखविले होते.

आता शाळेच्या स्वयंपाकघरात चला. मोठा स्वयंपाक चालू असता गॅसच्या सिलिंडरचा खालचा भाग गार पडतो, त्यावर दव धरते. आतील द्रव उकळून वायू होत असतो व त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. त्यातील प्रोपेन वातावरणाच्या दाबाखाली उणे ४२ अंशांवरच उकळते. त्याच्या दृष्टीने पुण्याची पहाट म्हणजे पेटलेली चूलच! यंत्राच्या नळ्यांतून असाच एक द्रव फिरतो. पंखा त्यांवर बाहेरची हवा सोडतो, द्रवाची वाफ होते. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो, आणि दाबलेला वायू तापतो. सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो तो यामुळेही. तापलेली वाफ आपली उष्णता पाण्याला किंवा खोलीतील हवेला देऊन पुन्हा द्रव होते, अरुंद वाटेने बाहेर पडताच दाब उतरून गार होते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. फ्रिजमध्येही हेच घडते. असे कॉम्प्रेसर आपल्या हडपसरला बनतात. किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली.

फळ्यावर हिशेब मांडावा. एक युनिट विजेपासून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ४०० लागतात. म्हणजे पाण्यात सोडायच्या हीटरने एका युनिटात जेमतेम दोन बादल्या. हे यंत्र अनुकूल हवेत सुमारे तिप्पट उष्णता देते, म्हणजे सहा बादल्या. उरलेल्या चार कोठून आल्या, हे मुलांनाच विचारावे. यंत्रातून बाहेर पडणारी हवा आत गेलेल्या हवेपेक्षा गार असते, एवढी खूण द्यावी.

बाहेर थंडी वाढत जाते तसा हा लाभ घटतो. नळ्यांवर हिम धरते, ते अधूनमधून वितळवावे लागते. तरीही नॉर्वेसारख्या देशात असंख्य घरे याच रीतीने उबदार ठेवतात. पुण्यात भिंती तापविण्याची गरज क्वचितच, म्हणून येथे त्याचा उपयोग मुख्यतः पाण्यासाठी.

सिलिंडरला हात लावावयाचा तो बाहेरूनच, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या देखत. पंपाचा प्रयोग मात्र मोकळेपणाने करावा: तोंड अंगठ्याने दाबून दहा-पंधरा दट्टे मारावेत आणि नळीचे खालचे टोक प्रत्येक मुलास चाचपू द्यावे. पुढील महिन्यात त्या मुलीच्या शाळेत मला पुन्हा जावयाचे आहे. सायकलचा पंप बरोबर नेणार आहे.