सोडण, रहाट आणि बँकेचा कागद
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण काथ्याविषयी बोलणार आहोत. काथ्या म्हणजे काय हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याला माड आहेत, आणि माड तिथे सोडण. नारळ सोलला, खोबरे जेवणात गेले, करवंटी चुलीत गेली आणि सोडण न्हाणीघरातल्या बंबाखाली गेले. आंघोळीला ऊन पाणी मिळाले, झाले! पण ज्या सोडणाने पाणी तापते, त्याच सोडणात दोरी आहे, पायपुसणे आहे, गादी आहे आणि बागेला घालायचा भुसाही आहे. आपण ते सगळे एका काडीने पेटवून देतो.

आपल्या आज्या-पणज्या सुंभ वळत असत. ते काम किती कष्टाचे होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच ठाऊक. हिरवे सोडण खाडीच्या चिखलात पुरायचे. वर दगड ठेवायचे, नाही तर भरतीबरोबर सगळे वाहून जायचे. तिथे ते सहा महिने, कधी दहा महिने कुजायचे. मग बाहेर काढायचे, धुवायचे, दगडावर ठेवून दांडक्याने चेचायचे. काथ्या सुकवायचा, पिंजायचा आणि दोन तळहातांत घेऊन वळायचा. वास तर असा की अंगावरून लवकर जात नाही! पुढे रहाट आला. त्याला तीन माणसे लागत. एक जण चाक फिरवी आणि दोघी काथ्या सोडत सोडत मागे मागे जात. दिवसभर मागे चालायचे! इतके करून हातात पैसा येई तो थोडा. मग बाजारात नायलॉनची दोरी आली. ती स्वस्त, हलकी, पाण्यात न कुजणारी. होडीवाल्यांनी ती घेतली यात त्यांचा दोष नाही. सुंभ वळणारे घरी बसले.

आता यंत्र आले आहे. सोडण पाण्यात भिजवून यंत्रात घातले की काथ्या एका बाजूला पडतो आणि भुसा दुसऱ्या बाजूला. सहा महिने वाट पाहायला नको. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. खाडीत कुजवलेल्या हिरव्या सोडणाचा काथ्या पांढरट, लांब आणि वळायला चांगला असतो. यंत्रातून सुक्या सोडणाचा निघतो तो तपकिरी आणि राठ. तो गादीला, ब्रशाला, चटईला चालतो. दोन्हींचा भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळे. रहाटही विजेवर आला. त्याला चाक फिरवणारे माणूस लागत नाही. आणि भुसा, जो आपण पूर्वी फेकून देत होतो, तो आज रोपवाटिकेवाले विकत घेतात, कारण तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. सोडणात काथ्यापेक्षा भुसाच जास्त निघतो, म्हणून तो विकला गेला तर धंद्याला मोठा हात मिळतो. पण खाऱ्या पाण्यात भिजलेल्या सोडणाचा भुसा गोड्या पाण्याने धुवावा लागतो, नाही तर त्यातल्या मिठाने रोपे मरतात. अशा बारीक गोष्टी यंत्रावर लिहिलेल्या नसतात. त्या शिकाव्याच लागतात.

यंत्राला पैसा लागतो. तो कुठून आणायचा? इथे सरकारचा संबंध येतो.

लहान धंद्याला सरकारने हात द्यावा, हा विचार आजचा नाही. १९५३ साली काथ्या उद्योगाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी काथ्या मंडळ, म्हणजे कॉयर बोर्ड, उभे राहिले. १९५५ साली सरकारने ग्रामोद्योग आणि लघुउद्योग यांसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले दत्तात्रेय गोपाळ कर्वे होते. कर्वे समितीपुढे मोठा पेच होता. यंत्र आणावे तर हाताने काम करणारे बेकार होतात. यंत्र न आणावे तर त्यांचा माल महाग पडतो आणि ते उपाशी राहतात. समितीचे म्हणणे थोडक्यात असे होते, की यंत्रामुळे नवी बेकारी होता होईतो येऊ देऊ नये, आणि त्याच माणसाच्या हातात हळूहळू अधिक चांगले हत्यार द्यावे. आम्हांला हे म्हणणे आजही पटते. ज्या बाईने जन्मभर सुंभ वळले तिलाच विजेचा रहाट मिळावा. मुंबईचा कोणी शेठ येऊन पन्नास रहाट लावील आणि तिला रोजावर ठेवील, त्याला आम्ही सुधारणा म्हणत नाही.

काथ्या मंडळाची बायांसाठी एक योजना आहे. तिचे नाव महिला कॉयर योजना. तिची रचना नीट पाहा. आधी बाईने रहाटावर सूत काढायला शिकायचे. शिकण्याच्या काळात तिला विद्यावेतन मिळते, कारण रोजंदारी बुडवून कोण शिकायला येणार? शिकून झाल्यावर विजेचा रहाट घेण्यासाठी तिच्यात किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मदत ठेवली होती, तीही ठरवून दिलेल्या रकमेच्या आत. म्हणजे शिक्षण आधी आणि यंत्र मागून. हा क्रम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ ठिकाणी तो उलटा होतो. यंत्र येते, नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि चार महिन्यांनी यंत्र मांगरात पडते. का? कुणाला बेअरिंगला ग्रीस घालायचे ठाऊक नसते. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते. वाडीवर थ्री-फेज वीज आहे की नाही हे आधी कुणी विचारलेलेच नसते. एका बाईने आम्हांला तोंडावर सांगितले, "आमका मशीन नको, आधी ता चालवूक शिकवा." तिचे बरोबर होते.

आणि शिकणे म्हणजे फक्त बटण दाबणे नव्हे. सोडण फोडणाऱ्या यंत्राचे दात जोरात फिरतात. पदर खोचलेला हवा, केस बांधलेले हवेत, हातात सैल बांगड्या नकोत. यंत्र अडले तर आधी वीज बंद करायची, मग हात घालायचा. भुशाची धूळ नाकात जाते, म्हणून तोंडाला फडके बांधायचे. बोट गेले तर कोणत्याही योजनेतून ते परत मिळत नाही.

आता पैशाचा हिशेब. हा जरा सावकाश ऐका.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. त्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे खेड्यात नवा धंदा काढणाऱ्या बाईला प्रकल्पाच्या किमतीच्या ३५ टक्के अनुदान धरले आहे. तिने स्वतःचे ५ टक्के घालायचे. सर्वसाधारण वर्गातल्या पुरुषाला खेड्यात २५ टक्के अनुदान, आणि त्याने स्वतःचे १० टक्के घालायचे.

समजा, एका बाईने चार लाखांचा छोटा काथ्या कारखाना काढायचे ठरवले. तिचे स्वतःचे ५ टक्के, म्हणजे २०,००० रुपये. बँक देणार ३,८०,००० रुपये. अनुदान १,४०,००० रुपये. आता पुष्कळ जणांना वाटते, की हे एक लाख चाळीस हजार आपल्या हातात येणार. तसे नाही! ते बँकेतच तिच्या नावाने तीन वर्षे ठेवीत राहतात. त्या ठेवीवर तिला व्याज नाही, पण कर्जाच्या तेवढ्या भागावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांत धंदा खरोखर चालू आहे की नाही याची तपासणी होते. तो चालू असेल तर ती रक्कम कर्जातून वजा होते. म्हणजे तिने खरे फेडायचे ते २,४०,००० रुपये आणि त्यावरचे व्याज. धंदा मध्येच बंद पडला तर हा सगळा हिशेब फिसकटतो आणि कर्ज मात्र मानेवर राहते. म्हणून आम्ही सांगतो, अनुदान बघून यंत्र घेऊ नका. सोडण किती मिळेल, माल कोण घेईल, पावसाळ्यात काथ्या कुठे सुकवायचा, हे आधी बघा. आपल्याकडे चार महिने आभाळ उघडत नाही, हे योजना लिहिणाऱ्याला दिल्लीत बसून सुचणे कठीण आहे.

याच नियमांत आणखी एक ओळ आहे, ती तुमच्या-आमच्या कामाची. कारखानदारीचा प्रकल्प १० लाखांच्या वरचा असेल तर अर्जदार निदान आठवी पास हवा. त्याच्या खाली शिक्षणाची अट नाही. म्हणजे ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांनाही दार उघडे आहे. पण दार उघडे असले तरी आतले कागद वाचावे लागतात. अंगठा उठवणाऱ्या माणसाला दुसरा कोणी वाचून दाखवतो, आणि तो काय गाळतो हे कळायला मार्ग नसतो. गेल्या महिन्यात तुम्ही 'कर्ज', 'व्याज', 'हप्ता', 'जामीन' हे शब्द गिरवले, ते उगीच नव्हे.

काथ्याखेरीज इतर धंद्यांनाही वाटा आहेत, त्या थोडक्यात सांगतो. काजू, कोकम, आंबापोळी असले खाण्याचे पदार्थ करणाऱ्यांसाठी २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना निघाली. तिच्यात चालू असलेल्या धंद्यालाही सुधारणेसाठी ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, असे अनुदान ठेवले. बचत गटाला बीज भांडवल म्हणून दर सदस्यामागे ४०,००० रुपये ठेवले. २०२३ च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. तिच्या अठरा धंद्यांत होडी बांधणारा आहे, मासळीचे जाळे विणणारा आहे, काथ्या विणणाराही आहे. हे तिन्ही आपल्या किनाऱ्याचेच. तिच्यातही आधी पाच-सात दिवसांचे शिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिले कर्ज १ लाखापर्यंत. नियम आणि मुदती बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन चालू काय आहे ते विचारा. शेजाऱ्याने गेल्या वर्षी सांगितलेल्यावर जाऊ नका.

आणि दलालांविषयी. उद्यम नोंदणी फुकट आहे. रोजगार कार्यक्रमाच्या अर्जालाही फी नाही. "साहेबाला द्यावे लागतात" असे सांगून कुणी पाच हजार मागितले, तर त्याला म्हणावे, पावती दे. पावती म्हटल्यावर पुष्कळ जणांना दुसरे काम आठवते!

एकटीने एवढे सगळे पेलत नसेल तर मिळून करा. वेंगुर्ल्याला काथ्या कामगार बायांची औद्योगिक सहकारी संस्था आहे. तिचे काम एकदा जाऊन पाहण्यासारखे आहे. दहा घरांचे सोडण एका ठिकाणी आले तर यंत्राला दिवसभर काम मिळते. एका घराच्या सोडणावर यंत्र आठवड्यातून एकदा फिरेल, आणि हप्ता मात्र दर महिन्याला येईल.

उद्याच्या वर्गात 'कोटेशन' हा कागद घेणार आहोत. यंत्रवाला किंमत लिहून देतो तो हा कागद. त्यात मोटर धरली आहे का, गाडीभाडे कुणाचे, बसवून कोण देणार, शिकवायला माणूस किती दिवस येणार, बिघडले तर कुणाला बोलवायचे, हे सगळे आपण ओळीओळीने वाचून पाहू. कुणाच्या घरी असा कागद पडला असेल तर त्यांनी तो बरोबर आणावा. मळला असला तरी चालेल.