शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं?



चेन्नईच्या उत्तरेचं एन्नोर हे कष्टकऱ्यांचं गाव. १९४८मध्ये स्थापन झालेली अशोक मोटर्स इथे आली, तीच पुढे अशोक लेलँड झाली. १९७०मध्ये औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं, नंतर बंदर आलं. कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांच्या शेजारी लांबलांबून नोकरीला आलेली माणसं वसली. ती आता सत्तरी-ऐंशीत आहेत. परमुलखात म्हातारपण आलं की जवळचे नातेवाईक हाकेच्या अंतरावर नसतात. म्हणून वृद्धाश्रमात दाखल झालेला माणूस तिथे किती काळ राहतो, हा प्रश्न याच गावात मांडावा असं मला वाटलं.

हा प्रश्न विचारला की संस्थाचालक बहुतेक वेळा समोरच्या खोल्यांकडे बोट दाखवतात. या आजी आठ वर्षं आहेत, ते आजोबा बारा वर्षं. ही माहिती खरी असते, पण तिच्यावरून काढलेला अंदाज चुकतो. दहा खाटांचा एक आश्रम धरा. नऊ खाटांवर तीच नऊ माणसं दहा वर्षं राहिली. दहाव्या खाटेवर आलेला प्रत्येक जण दोन महिन्यांत गेला. दहा वर्षांत त्या एका खाटेवरून साठ माणसं जातील. एकूण दाखल झाले एकोणसत्तर, त्यातले साठ जण दोन महिनेच राहिले. पण तुम्ही कोणत्याही दिवशी आश्रम पाहायला गेलात तर दहांपैकी नऊ जण जुनेच दिसणार. मुक्काम मोजायचा तर दाखल झालेल्या प्रत्येकाचा, आलेल्या तारखेपासून गेलेल्या तारखेपर्यंत मोजावा लागतो.

ब्रिटनमध्ये २०११ साली बूपा या संस्थेच्या वृद्धनिवासांतल्या मृत रहिवाशांच्या नोंदी अशा तपासल्या गेल्या. सरासरी मुक्काम ८०१ दिवसांचा निघाला, पण निम्मे रहिवासी ४६२ दिवसांच्या आतच गेले होते. तीन वर्षांहून जास्त राहिलेले साधारण २७ टक्के. अमेरिकेत २०१०च्या एका अभ्यासात, शुश्रूषागृहात मृत्यू आलेल्यांपैकी निम्म्यांचा मुक्काम पाच महिन्यांहूनही कमी होता. तिकडे माणूस बहुधा अगदी परावलंबी झाल्यावर दाखल होतो, हे त्यामागचं मोठं कारण. आपल्याकडे साठीला पोहोचलेल्या माणसापुढे सरासरीने आणखी अठरा वर्षं असतात, आणि आपल्या कितीतरी आश्रमांच्या दारावरची पहिली अट असते, ‘स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे.’ म्हणजे तिकडे माणूस ज्या अवस्थेत दाखल होतो, तिच्या कितीतरी आधी आपल्याकडचा मुक्काम सुरू होतो. म्हणून ते आकडे उचलून इथे लावता येत नाहीत.

आता आपलं रजिस्टर उघडू या. नाव, वय, गाव, दाखल दिनांक, नातेवाइकाचा फोन, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात तीनच गोष्टी सापडतात: ‘मयत’, ‘स्वखुशीने गेले’, ‘घरी नेले’. या तिसऱ्या शेऱ्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

एक आजी मला आठवतात. वय चौऱ्याऐंशी, मूलबाळ नाही. स्नानगृहात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, सुट्टी मिळाली, आणि आश्रमाने कळवलं की आमच्याकडे अंथरुणावरच्यांची सोय नाही. सात वर्षं ज्या खाटेवर त्या झोपल्या त्या खाटेवरची त्यांची गोधडी, जपमाळ आणि औषधांचा डबा एका पिशवीत भरून भाचीच्या हवाली केला गेला. भाचीचं घर एका खोलीचं, ती आणि तिचा नवरा दोघंही कामावर जाणारे. पाठीला जखमा झाल्या. दीड महिन्यात आजी गेल्या. रजिस्टरात शेरा होता, ‘घरी नेले’. ज्यांना घर नव्हतं म्हणून त्या आश्रमात आल्या होत्या, त्यांच्या नावापुढे.

अशा शेऱ्यांमुळे आश्रमाच्या कागदावर मृत्यू कमी दिसतात. मुक्काम सात वर्षांचा भरतो आणि तो चांगल्या सेवेचा पुरावा म्हणून दाखवला जातो. माणूस किती जगला ते त्या आकड्यात नसतं. त्याला किती काळ ठेवून घेतलं, एवढंच असतं. मला याचा मनापासून त्रास होतो.

चालकांची अडचण मला ठाऊक आहे. अंथरुणावरच्या माणसाला कूस बदलून द्यायला, भरवायला, स्वच्छ करायला दिवसपाळीला आणि रात्रपाळीला मावशी लागतात, आणि त्या मिळत नाहीत, टिकत नाहीत. अनामत घेताना हिशेब चालत्या-फिरत्या माणसाचा केलेला असतो. कायदाही इथे फारशी मदत करत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याच्या कलम १९मध्ये जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेला आश्रम राज्य सरकारने उभारावा असं म्हटलं आहे, तेही ‘उभारू शकेल’ अशा भाषेत. आलेला माणूस शेवटपर्यंत ठेवला पाहिजे, असं त्या कलमात नाही.

तरीही हे जमतं. चेन्नईतच, पालवाक्कमला, सावित्री वैथी यांनी १९७८मध्ये निराधार वृद्धांसाठी ‘विश्रांती’ सुरू केली. तिथे माणूस अखेरपर्यंत राहतो आणि ज्यांचं कुणी येत नाही त्यांचे अंत्यसंस्कारही संस्था करते. केरळमध्ये १९९३पासून कोळिकोडच्या उपशामक सेवेने शिकवलं की डॉक्टर, परिचारिका आणि वस्तीतले स्वयंसेवक मिळून अंथरुणावरच्या रुग्णाला त्याच्या जागीच सांभाळू शकतात. पुण्यात वारज्याला कॅन्सरच्या रुग्णांसाठी १९९७पासून असं केंद्र विनामूल्य चालतं. प्रत्येक आश्रमाने स्वतःचं इस्पितळ काढायची गरज नाही. जवळच्या उपशामक पथकाची आठवड्याला एक फेरी ठरवून घेतली, दोन मावशींना जखमा टाळायचं आणि नळीने भरवायचं प्रशिक्षण दिलं, अनामतीतला एक हिस्सा फक्त शेवटच्या काळासाठी वेगळा ठेवला, तर चार-पाच खाटा तरी निघतील. तिथून सुरुवात करू.

आणि रजिस्टरात तीन रकाने वाढवा: जाण्याची तारीख, कुठे गेले, आणि सहा महिन्यांनी ती व्यक्ती हयात आहे का. शेवटच्या रकान्यासाठी नातेवाइकाला एक फोन करावा लागेल, तो टाळू नका. दुपारच्या सत्रात या रकान्यांचे कोरे तक्ते वाटले जातील. मागच्या दहा वर्षांची रजिस्टरं कपाटातून काढून ते भरा आणि पुढच्या परिषदेआधी पाठवा. नावं लिहू नका, वय आणि तारखा पुरेत. ‘घरी नेले’ लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे मात्र कुणाच्या घरी, ते लिहा.